‘अक्यूट ओटायटिस एक्स्टर्ना’ एवढंच लिहिलेल्या चार्टला ‘संसर्ग नाही’ असा कोड का लागतो?

कानाच्या ओपीडी चार्टवर काम करणाऱ्या प्रत्येक कोडरच्या, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड लावणाऱ्याच्या, वाट्याला हा चार्ट येतोच. निदान: ‘अक्यूट ओटायटिस एक्स्टर्ना, उजवा कान’, म्हणजे कानाच्या बाहेरच्या नळीचा नव्याने उद्भवलेला दाह. तपासणीत लिहिलंय की कानाची नळी सुजलेली आहे, लाल आहे, आत पिवळट स्राव आहे. खाली प्रतिजैविकाचे थेंब, दिवसातून दोनदा, सात दिवस. वाचणाऱ्याला शंका उरत नाही की हा संसर्ग आहे. मग आपण आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी निदान-कोडच्या पुस्तकात, इंडेक्समध्ये (शब्दसूचीत) ‘ओटायटिस, एक्स्टर्ना, अक्यूट’ ही ओळ गाठतो, बोट एच६०.५०- वर येऊन थांबतं (शेवटची रेघ म्हणजे पुढे कान सांगणारा आकडा यायचा आहे) आणि टॅब्युलर लिस्ट (कोडांची क्रमवार यादी) उघडली की शीर्षक दिसतं: ‘अक्यूट नॉन-इन्फेक्टिव्ह ओटायटिस एक्स्टर्ना’. म्हणजे संसर्गाविना झालेला दाह. उजव्या कानासाठी एच६०.५०१.

आपण काहीतरी चुकलो असं वाटून पुन्हा शोधलं, एन्कोडर (कोड शोधून देणारं सॉफ्टवेअर) बदलून पाहिलं, तरी उत्तर तेच. गेली काही वर्षं मी अमेरिकेतल्या ओपीडी चार्टचं ऑडिट करते आणि नव्या कोडरांकडून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला कानाचा प्रश्न हाच आहे. म्हणून तो एकदा नीट उलगडून लिहिते. त्याच्या आजूबाजूच्या चुकाही सोबत घेते, कारण त्या बहुधा त्याच चार्टवर सापडतात.

बिघाड नेमका कुठे आहे

इंडेक्समधली ती ओळ पुन्हा वाचा. ‘अक्यूट’ला लागून कंसात ‘नॉन-इन्फेक्टिव्ह’ हा शब्द आहे. कंसाचा नियम आपण प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकतो: कंसातला शब्द चार्टमध्ये असो वा नसो, कोड तोच राहतो. म्हणजे डॉक्टरांनी नुसतं ‘अक्यूट’ लिहिलं तरी वर्गीकरण ते ‘संसर्ग नसलेलं’ असंच धरतं. टॅब्युलरमध्ये एच६०.५० खाली ‘अक्यूट ओटायटिस एक्स्टर्ना एनओएस’ ही नोंद आहे, तिने हे पक्कं होतं. एनओएस म्हणजे यापुढे काही सांगितलेलं नाही. थोडक्यात, एन्कोडर बरोबर आहे आणि तुम्हीही चुकलेला नाही. डॉक्टरांच्या वाक्यात एक शब्द कमी आहे.

ही रचना अमेरिकेने नव्याने केलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये एच६०.५ असंच मांडलेलं आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत लागू झालेल्या आयसीडी-१०-सीएमने ती मांडणी घेतली, तिचे पोटप्रकार केले आणि कोणता कान हे सांगणारा आकडा शेवटी जोडला.

अडचण अशी की प्रत्यक्षातलं चित्र याच्या बरोबर उलट आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ ओटोलॅरिंगॉलॉजी या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार उत्तर अमेरिकेत अक्यूट ओटायटिस एक्स्टर्नाच्या सुमारे ९८ टक्के केसेस जिवाणूंमुळे होतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस हे दोन मुख्य जंतू, पुष्कळदा दोघे एकत्र. त्यामुळे डॉक्टरांच्या डोक्यात ‘अक्यूट ओटायटिस एक्स्टर्ना’ म्हटलं की संसर्ग गृहीतच असतो. तो शब्द वेगळा लिहावा असं त्यांना वाटत नाही, आणि वर्गीकरणाला तोच शब्द हवा असतो.

दोन सवयी, दोन्ही सोडायच्या

पहिली सवय म्हणजे थेंबांवरून निदान ओळखायचं. ‘प्रतिजैविक दिलंय म्हणजे संसर्ग आहेच’ असं म्हणून कोडर शांतपणे एच६०.३९१ हा संसर्गाचा कोड लावतो. हेतू चांगला असतो, मला तो समजतो. पण कोडिंगच्या अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की कोड डॉक्टरांनी नोंदवलेल्या निदानावर लावायचा. औषध, तपासणीतली निरीक्षणं किंवा कल्चरचा (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा) निकाल यांवरून आपण निदान बनवायचं नाही. आज थेंबांवरून संसर्ग ठरवला तर उद्या स्टिरॉइडवरून एक्झिमा ठरवाल. ऑडिटरने ‘हा शब्द चार्टमध्ये कुठे आहे’ असं विचारलं की उत्तर नसतं.

दुसरी सवय म्हणजे ‘पुस्तक सांगतं ते’ म्हणून एच६०.५०१ लावून पुढच्या चार्टकडे वळायचं. नियमाच्या दृष्टीने हा कोड चूक नाही, म्हणून तो खटकत नाही. क्लेमचे (विमा कंपनीकडे पाठवलेल्या बिलाचे) पैसेही बहुधा मिळतात, आणि म्हणूनच ही गोष्ट महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. पण मग रुग्णाच्या नोंदीत कायमचं राहतं की त्याला संसर्ग नव्हता, तरी प्रतिजैविक दिलं. प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर शोधणाऱ्या अहवालात त्या डॉक्टरांचं नाव विनाकारण येतं. थेंबांना आधी मंजुरी लागणार असेल तर परीक्षकाला निदान आणि औषध यांचा मेळ दिसत नाही. तोच रुग्ण तीन आठवड्यांनी कानाच्या तज्ज्ञाकडे जातो, तेव्हा मागचा इतिहासही चुकीचा वाचला जातो.

मार्ग तिसरा आहे: क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा.

क्वेरी कशी लिहायची

अहिमा आणि एसीडीआयएस या वैद्यकीय नोंदींचं काम करणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनांचं क्वेरीसंबंधीचं संयुक्त मार्गदर्शन सांगतं की क्वेरीने डॉक्टरांना एखाद्या उत्तराकडे ढकलू नये, चार्टमधली निरीक्षणं दाखवावीत आणि पैशांचा उल्लेख करू नये. ‘इन्फेक्टिव्ह असं लिहाल का, म्हणजे कोड नीट बसेल’ ही क्वेरी चालणार नाही, कितीही नम्रपणे लिहिली तरी. मी साधारण असा मजकूर वापरते:

‘या भेटीच्या नोंदीत “अक्यूट ओटायटिस एक्स्टर्ना, उजवा कान” असं निदान आहे. तपासणीत नळीला सूज व लाली, पिवळट स्राव आणि ट्रेगस दाबल्यावर वेदना नोंदवली आहे. प्रतिजैविक व स्टिरॉइड असलेले थेंब सुरू केले आहेत. आपल्या वैद्यकीय मतानुसार या दाहाचं कारण किंवा प्रकार अधिक स्पष्ट करता येईल का? पर्याय: संसर्गामुळे झालेला, प्रकार लिहावा. संसर्गाविना झालेला, कारण लिहावं. अन्य काही. सांगता येत नाही.’

पहिला सोडून बाकीचे पर्याय औपचारिकता म्हणून ठेवलेले नाहीत. कधीकधी डॉक्टर खरंच सांगतात की हा श्रवणयंत्राच्या साच्यामुळे झालेला कॉन्टॅक्ट दाह होता आणि थेंब खबरदारी म्हणून दिले होते. मग तो एच६०.५३- होतो, आणि थेंबांवरून अंदाज बांधला असता तर आपण नेमके चुकलो असतो. मागच्या वेळच्या निओमायसिनच्या थेंबांचीच ॲलर्जी होऊन नळी लाल झालेले रुग्णही असतात. बाहेरून दोन्ही कान सारखेच दिसतात.

एकाच डॉक्टरांना तीच क्वेरी तिसऱ्यांदा पाठवायची वेळ आली तर क्वेरी थांबवा आणि त्यांच्या ईएचआरमधली (संगणकावरच्या रुग्णनोंदीतली) आवडत्या निदानांची यादी पाहा. माझ्या अनुभवात मूळ तिथेच सापडतं. त्यांनी कधीतरी शोधपट्टीत ‘ओटायटिस एक्स्टर्ना अक्यूट’ टाकलं, पहिला आलेला पर्याय यादीत साठवला, आणि तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला तोच लागतो. त्या यादीत ‘स्विमर्स इअर’, ‘डिफ्यूज’, ‘अन्य इन्फेक्टिव्ह’, ‘कॉन्टॅक्ट’, ‘एक्झिमॅटॉइड’ असे वेगवेगळे पर्याय उजव्या-डाव्या कानासह घालून दिले की क्वेरी आपोआप कमी होतात. फक्त एक काळजी घ्या: जुना एक पर्याय काढून त्याजागी नवा एकच ठेवू नका. तसं केलं तर कालपर्यंत सगळे कान संसर्गाविना होते, उद्यापासून सगळे पोहणाऱ्यांचे होतील.

कोणता शब्द कुठे नेतो

संसर्गाचा गट एच६०.३. ‘डिफ्यूज’ लिहिलं तर एच६०.३१-, ‘हेमोरॅजिक’ तर एच६०.३२-, ‘स्विमर्स इअर’ तर एच६०.३३-, आणि नुसतं ‘इन्फेक्टिव्ह’ म्हणून थांबले असतील तर एच६०.३९-. सहावा आकडा कान सांगतो: १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही, ९ न सांगितलेला.

‘स्विमर्स इअर’ हे डॉक्टरांच्या शब्दांत यायला हवं. इतिहासात ‘रोज पोहायला जातो’ आणि निदानात ‘इन्फेक्टिव्ह ओटायटिस एक्स्टर्ना’ असेल, तर दोन्ही जोडून एच६०.३३- करू नका. पोहणारा माणूस कान काडीने खरवडूनही संसर्ग ओढवून घेऊ शकतो.

जागा कोणती हेही बघा. नळीच्या बाहेरच्या, केस असलेल्या भागात केसतोड झालं असेल तर तो एच६०.० चा विषय आहे, कारण या गटात गळू, केसतोड आणि कार्बंकल तिन्ही येतात. बाह्यकर्णाच्या त्वचेला पसरलेली सूज म्हणजे सेल्युलायटिस, एच६०.१. कूर्चेवरच्या आवरणाचा दाह, पेरिकाँड्रायटिस, हा तर एच६० मध्ये येतच नाही, तो एच६१.० मध्ये आहे. हे दोन्ही दिसायला जवळचे, पण पेरिकाँड्रायटिसमध्ये कानाची खालची मऊ पाळी सहसा वाचते, कारण तिथे कूर्चा नसते. सेल्युलायटिसमध्ये तीही लाल होते. ही माहिती कोडरने निदान ठरवायला वापरायची नाही. पण डॉक्टरांनी ‘कानाचा बाहेरचा भाग सुजलाय’ एवढंच लिहिलं असेल, तर पाळीची नोंद आहे का हे क्वेरीत दाखवायला ती उपयोगी पडते.

जुना दाह असेल तर ‘क्रॉनिक’ हा शब्द हवा, मग एच६०.६-. तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललेल्या दाहाला तज्ज्ञ सहसा क्रॉनिक म्हणतात, पण महिने मोजून तो शब्द आपण घालायचा नाही. ‘जुन्या दुखण्यावर नवा अक्यूट झटका’ असं लिहिलं असेल तर दोन्ही कोड लावायचे, अक्यूट आधी.

जंतू कल्चरमध्ये सापडला आणि डॉक्टरांनी तो निदानात जोडला, तर संसर्गाच्या कोडनंतर जंतूचा कोड येतो: स्यूडोमोनाससाठी बी९६.५, मेथिसिलिनला दाद देणाऱ्या स्टॅफ ऑरियससाठी बी९५.६१, न देणाऱ्यासाठी बी९५.६२. हे कोड कधीच पहिले लागत नाहीत.

कानाचं दुखणं आणि वाहणं, म्हणजे एच९२.०- आणि एच९२.१-, पक्कं निदान असताना वेगळे लावू नका. ते त्या आजाराचाच भाग आहेत. पण ओपीडीत डॉक्टरांनी ‘ओटायटिस एक्स्टर्नाची शक्यता’ किंवा ‘संशयित’ लिहिलं असेल तर गोष्ट उलटी होते: संशयाचं निदान कोड होत नाही, लक्षणंच कोड होतात. रुग्णालयात दाखल झालेल्या आणि डिस्चार्जच्या वेळीही संशय कायम असलेल्या रुग्णाला हा नियम वेगळा आहे, त्यामुळे आंतररुग्ण विभागातून ओपीडीकडे बदलून आलेल्या कोडरांनी इथे जपून असावं.

बुरशी असेल तेव्हा

इथे क्लेम खरोखरच परत येतात. कारण सोपं आहे: कोडचा क्रम.

‘ओटोमायकोसिस’ लिहिलं की इंडेक्स बी३६.९ देतो आणि त्यापुढे चौकोनी कंसात एच६२.४-. चौकोनी कंसाचा अर्थ असा की आधी मूळ आजार, मग त्याचं कानातलं रूप. एच६२.४ चं शीर्षकच ‘अन्यत्र वर्गीकृत आजारांमधला ओटायटिस एक्स्टर्ना’ असं आहे आणि त्याखाली मूळ आजार आधी लावण्याची सूचना आहे. रुग्ण कान दाखवायला आलाय म्हणून आपल्याला सहज एच६२.४१ पहिला लावावासा वाटतो, आणि तपासणीच्या पहिल्याच टप्प्यावर तो अडतो, कारण असा कोड पहिला असूच शकत नाही.

कॅन्डिडा लिहिलं असेल तर मात्र हा जोड लागत नाही. बी३७.८४ एकटाच पुरतो, कारण आजार आणि जागा दोन्ही त्या एका कोडमध्ये आहेत. एच६२.४ खाली कॅन्डिडाचा ओटायटिस एक्स्टर्ना एक्सक्लूड्स१ मध्ये दिलाय, म्हणजे दोन्ही एकत्र लावायचे नाहीत. बी३७.८४ मध्ये उजवा-डावा सांगायला जागा नाही. ती भरून काढायला एच६२.४१ जोडलेले चार्ट मी पाहिले आहेत. जागा नसेल तर ती सोडून द्या, कान कोणता हे नोंदीत आहेच. ॲस्परजिलससाठी इंडेक्स बी४४.८९ कडे पाठवतो.

तपासणीत ‘ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा थर, काळे ठिपके’ असं वाचलं की अनुभवी माणसाला ॲस्परजिलस आठवतो. आठवू द्या, पण कोड मात्र डॉक्टरांनी लिहिलेल्या नावावरच लावा. त्यांनी ‘बुरशीचा संसर्ग’ एवढंच लिहिलं असेल तर बी३६.९ आणि एच६२.४-.

‘मॅलिग्नंट’ शब्दाशी सावध

या चार्टवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा असं मला मनापासून वाटतं. १९६८ मध्ये चँडलर यांनी ‘मॅलिग्नंट एक्स्टर्नल ओटायटिस’ हे नाव रूढ केलं. तो कर्करोग नाही. वयस्कर, मधुमेही किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांत नळीचा संसर्ग, बहुधा स्यूडोमोनासचा, कूर्चेतून आणि हाडातून कवटीच्या तळाशी पसरतो. रात्री वाढणारं, तपासणीत दिसतं त्या मानाने फार तीव्र दुखणं, नळीच्या तळाशी लालसर दाणेदार मांस आणि कधीकधी चेहऱ्याची नस अधू होणं ही त्याची ओळख. प्राण जाऊ शकतो असा हा आजार आहे. त्याचा कोड एच६०.२-. ‘नेक्रोटायझिंग’ लिहिलं तरी तिथेच जायचं.

चुका दोन्ही दिशांनी होतात. नवा कोडर ‘मॅलिग्नंट’ वाचून ‘सी’ने सुरू होणाऱ्या कर्करोगाच्या प्रकरणात शिरतो आणि रुग्णाच्या नोंदीत नसलेला कर्करोग येतो. तो शिक्का पुसायला किती पत्रव्यवहार लागतो हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. दुसरीकडे, डॉक्टर आजाराची सगळी लक्षणं लिहितात, सीटी स्कॅन मागवतात, दाखल करून शिरेतून औषध सुरू करतात आणि निदानात मात्र ‘सिव्हिअर (फार तीव्र) ओटायटिस एक्स्टर्ना’ लिहितात. ‘सिव्हिअर’ म्हणजे मॅलिग्नंट नव्हे. कोड एच६०.९- किंवा एच६०.५०- वर घसरतो आणि इतक्या गंभीर आजारी माणसाची नोंद साध्या दाहाची राहते. क्वेरी इथे टाळू नका.

मधुमेहाशी दुवाही इथेच अडतो. रुग्णाला टाइप २ मधुमेह आहे आणि मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना आहे, म्हणून दोन्ही आपोआप जोडून ई११.६९ (टाइप २ मधुमेह, अन्य गुंतागुंतीसह) लावायचा का? इंडेक्समध्ये ‘डायबिटीस, विथ’ या शब्दाखाली ज्यांची नावं स्पष्ट दिली आहेत त्यांचाच दुवा आपण गृहीत धरू शकतो. ‘अन्य गुंतागुंत’ अशा मोकळ्या नोंदीखाली एखादा आजार आपण स्वतःहून बसवायचा नाही, तो मधुमेहामुळे झाला असं डॉक्टरांनी लिहायला हवं.

कान कोणता

‘न सांगितलेला कान’ हा कोड अस्तित्वात आहे, पण तो जवळपास कधीच वापरायची वेळ येऊ नये. एकाच चार्टमध्ये तक्रारीत ‘डावा’, तपासणीत ‘डावा’ आणि निदानात ‘उजवा’ असं मी पाहिलंय. मागच्या भेटीतून उचललेल्या मजकुरात तो ‘उजवा’ राहून गेला होता. अशा वेळी दोन विरुद्ध एक असा कौल घेऊ नका, क्वेरी करा. डॉक्टरांनी बाजू लिहिलीच नसेल आणि नर्सच्या किंवा दुसऱ्या क्लिनिशियनच्या नोंदीत ती असेल, तर बाजूपुरती ती नोंद आता चालते. पण त्या नोंदी एकमेकींशी भांडत असतील तर पुन्हा डॉक्टरांकडेच जायचं.

दोन्ही कानांना एकच आजार असेल तर दोन्हीचा एक कोड लावा, उजवा आणि डावा वेगळे लावू नका. एका कानाला स्विमर्स इअर आणि दुसऱ्याला केसतोड असेल तर मात्र दोन कोड.

चौथ्या-पाचव्या जागी थांबलेले कोड हाही याचाच भाऊ. एच६०.३३ अपुरा आहे, एच६०.३३२ पूर्ण. ‘अन्य ओटायटिस एक्स्टर्ना’ साठी एच६०.८ नंतर पाचव्या जागी ‘एक्स’ हवा: एच६०.८एक्स१. हे क्लिअरिंगहाऊसमध्येच (क्लेम तपासून पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थाकडेच) अडतात, पेअरपर्यंत, म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपनीपर्यंत, पोचतच नाहीत. तुमच्या यादीत ते ‘रिजेक्शन’ म्हणून दिसतील, ‘डिनायल’ म्हणून नाही. अपील करू नका, कोड दुरुस्त करून क्लेम नव्याने पाठवा.

मळ काढला, की घाण काढली?

कान साफ केला की ६९२१० हा सीपीटी, म्हणजे उपचारांच्या कोडसंचातला, कोड लावायची सवय फार खोल गेलेली आहे. हा कोड आहे घट्ट अडकलेला मळ उपकरणाने काढण्याचा, एका कानासाठी. पाण्याने धुऊन काढला तर ६९२०९. तपासणीत ‘मळ’ हा शब्दच नसेल आणि नळीतून पू, सोललेली कातडी किंवा बुरशीचा थर काढला असेल तर यांपैकी एकही बसत नाही. संसर्गाची घाण साफ करायला स्वतंत्र कोड नाही, आणि सुजलेल्या नळीत थेंब पोचावेत म्हणून ठेवलेल्या वातीलाही नाही. ते काम त्या भेटीच्या ई अँड एम मध्ये (तपासणी आणि सल्ल्याच्या कोडमध्ये) धरलं जातं. मास्टॉइडच्या (कानामागच्या हाडाच्या) पोकळीची सफाई दाखवणारा ६९२२० तर मुळीच नको, त्याला आधी मास्टॉइडची शस्त्रक्रिया झालेली असावी लागते. गळू कापून निचरा केला असेल तर मात्र वेगळा विचार: नळीतल्या गळूला ६९०२०, बाहेरच्या कानावरच्या साध्या निचऱ्याला ६९०००.

मळ खरोखर अडकलेला होता आणि संसर्गही होता, तर दोन निदानं लागतात: एच६१.२- मळासाठी, संसर्गाचा कोड वेगळा. ६९२१० ला एच६१.२- जोडा, ई अँड एमला संसर्ग जोडा, आणि ई अँड एमवर २५ मॉडिफायर (तपासणी त्या प्रक्रियेपासून वेगळी होती हे सांगणारी जोड). नोंदीत हे दिसायला हवं की मळाने पडदा किंवा नळी तपासता येत नव्हती, किंवा तो कडक होऊन दुखत होता, आणि कोणत्या उपकरणाने काढला. ‘कान साफ केला’ एवढ्या वाक्यावर काहीच टिकत नाही. दोन्ही कानांसाठी ५० मॉडिफायर आहे, पण मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारी विमा) ६९२१० चे पैसे दोन्ही कान केले तरी एकदाच देतं, हे ठाऊक असलेलं बरं. मॉडिफायर उजव्या कानाचा आणि निदानकोड डाव्याचा, ही विसंगतीही याच ओळीवर सापडते.

पडद्याची नोंद मी डॉक्टरांकडे नेहमी मागते. पडदा दिसला का, शाबूत आहे का, सुजेमुळे दिसला नाही का. मधल्या कानातून छिद्रावाटे आलेला पू नळीला चिडवतो आणि मग आजार खरं तर एच६६ मध्ये असतो, सोबत छिद्रासाठी एच७२. शिवाय छिद्र असेल तर काही थेंब अंतर्कर्णाला अपाय करू शकतात, म्हणून ही एक ओळ रुग्णासाठीही मोलाची आहे.

आधीच गेलेल्या क्लेमचं काय

क्वेरीचं उत्तर आलं की डॉक्टरांनी मूळ नोंद पुसायची नसते. वेगळी पुरवणी लिहायची, त्या दिवसाची तारीख आणि सही घालून. ती मूळ भेटीबद्दलच बोलते आणि त्या वेळच्या निरीक्षणांवरच टेकलेली असते. तीन महिन्यांनी ऑडिटचं पत्र आल्यावर लिहिलेल्या पुरवणीकडे परीक्षक साहजिकच संशयाने पाहतात, म्हणून क्वेरी क्लेम जाण्यापूर्वीच पाठवलेली बरी.

पुरवणीने कोड बदलला तर खाजगी पेअरकडे बदली क्लेम जातो: रिसबमिशन कोड ७ आणि मूळ क्लेमचा क्रमांक. मेडिकेअर पार्ट बी हा ७ स्वीकारत नाही, तिथे क्लेम पुन्हा उघडण्याची विनंती करावी लागते. या दोन्हींत जुना क्लेम तसाच ठेवून नवा स्वतंत्र क्लेम पाठवू नका, तो डुप्लिकेट म्हणून परत येईल आणि खरी दुरुस्ती त्याच्या मागे अडकून पडेल.

मागे जायचं ठरवलंत तर एच६०.५०- लागलेले चार्ट काढा, त्यातले प्रतिजैविक थेंब दिलेले वेगळे करा आणि डॉक्टरवार लावा. बहुतेक ठिकाणी दोन-तीन नावांखाली ढीग दिसेल. त्यांच्या यादीतला तो एक जुना पर्याय शोधायला मग फार वेळ लागत नाही.